प्रसूतीसमयीची हुडहुडी



सिझेरियन शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली सून थडथड कापू लागली की, घरची वडीलधारी मंडळी नजर, बाधा अथवा पाठीतल्या सुईचा दोष मानून घाबरतात. जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली प्रथम योजलेल्या कण्यातील या भुलीने छातीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात. गाभ्यातील ऊब पायांकडे ओसरते आणि शरीर कापून ती भरून काढू पाहते. ऊबदार पांघरूण, कोमट सलाईन व जरूर तर औषध यांनी ही हुडहुडी शमते. मात्र पुढे तापासह थंडी वाजल्यास डॉक्टरांस तत्काळ कळवावे.

आमचे सांगणे इतकेच की, हे सर्व सुनेच्या कानी आधीच घालावे. अजाण भीतीपोटी शस्त्रक्रियेची संमती अडवून मायलेकरांचा जीव धोक्यात लोटू नये.