छताचा दिवा बदलताना

मंडळी, आज बोलायचं आहे ते आपल्या छताच्या दिव्याबद्दल. जुना होल्डर काळा पडतो, तडकतो. मग आपण बाजारातून पितळेचा नाहीतर पत्र्याचा झगझगीत दिवा आणतो. त्याला तीन वायरी असतात. घरी छतातून मात्र दोनच लोंबत असतात. मग तिसरीचं, त्या हिरव्या वायरीचं, काय करायचं?

माझ्या थोरल्या भावानं ती कापून टाकली. "दिवा लागला ना? झालं तर!" म्हणाला. श्रावणात कौलं गळली आणि दिव्यात ओल शिरली. वहिनी लोखंडी स्टुलावर उभ्या राहून ओल्या फडक्यानं दिवा पुसू लागल्या. बटन बंद होतं. तरी झटका बसला. वहिनी खाली पडल्या, मनगट मोडलं. जीव वाचला, एवढंच.

बटन बंद असताना वीज आली कुठून? हे नीट समजून घ्या. दोन वायरींपैकी एकीतून वीज येते. तिला फेज म्हणतात. दुसरीतून ती परत जाते. तिला न्यूट्रल म्हणतात. बटन फेजवर बसवायचं असतं. भावाच्या घरी ते न्यूट्रलवर बसवलेलं निघालं. पाटाचं दार वरच्या तोंडाला न लावता खालच्या तोंडाला लावावं, तसं झालं. पाणी पुढं वाहत नाही, पण पाट भरलेलाच राहतो. दिवा विझतो, पण त्यात वीज असतेच. जुन्या घरांत असं पुष्कळदा सापडतं, बरं का.

आता ती हिरवी वायर. ती अर्थिंगची. घराबाहेर खड्डा खणून नळी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात. हिरवी वायर तिथं पोचते. दिव्याच्या पत्र्यावर वीज उतरली, तर या वाटेनं ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ही वाट नसली, तर हात लावणारा माणूसच वाट होतो.

कोणी सांगतात, हिरवी वायर न्यूट्रलला बांधा. मुळीच बांधू नका. न्यूट्रल मागं कुठं तुटली, की दिवा लागत नाही. पण वीज बल्बातून फिरून थेट पत्र्यावर येते. आणि दिवा लागत नाही म्हणूनच आपण त्याला हात लावायला जातो! पाण्याच्या नळालाही ती बांधू नका. न्हाणीत अंघोळ करणाऱ्याला झटका बसेल.

अर्थिंग करून घेणं सर्वांत चांगलं. ते होईपर्यंत धातूचा दिवा नको. प्लॅस्टिकचा होल्डर आणि साधा एलईडी बल्ब लावा. त्याला तिसरी वायर लागतच नाही. मोठा दिवा हवा असेल, तर त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण आहे का पाहा. तशा दिव्याला अर्थिंग लागत नाही.

मेन स्विचजवळ आरसीसीबी नावाची पेटी बसवून घ्या. 30 मिलिअँपिअरची मागा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला, की ती क्षणात वीज तोडते. अर्थिंग नसली तरी तोडते. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलीत, तर तिला काही कळत नाही. तिच्यावर एक लहान बटन असतं. ते अधूनमधून दाबून पाहावं. वीज गेली, तर पेटी ठीक आहे.

काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. बटन न्यूट्रलवर असेल तर तेही त्याच वेळी बदलून घ्या. नुसता बल्ब बदलायचा असला, तरी मेन स्विच बंद करा आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहा. टेस्टर आधी चालू जागी लावून पाहा. तिथं तो पेटला, तरच त्याचा भरवसा धरा.

भावाच्या ओसरीत आता पांढरा प्लॅस्टिकचा होल्डर आहे. पितळेचा दिवा माळ्यावर पडून आहे. अर्थिंगसाठी वायरमनला दिवाळीनंतर बोलावलं आहे. तोवर त्या दिव्याला खाली उतरवायचं नाही, असं वहिनींनी सांगून ठेवलं आहे.