कपडे पिळणारे यंत्र का थांबते?



आषाढ लागला की आहुपे, तळेघर, घाटघर या बाजूच्या घरांतून दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. धुतलेले कपडे वाळवायचे कुठे? पूर्वेला लोणी-धामणीकडे आभाळ भरून येते आणि पुष्कळदा तसेच निघून जाते. पश्चिमेला मात्र आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पोरांचे शाळेचे कपडे चुलीवरच्या दांडीवर टाकले, तर सकाळी त्यांना धुराचा वास येतो. म्हणून ज्यांना जमले त्यांनी दोन टाक्यांचे धुलाईयंत्र घरी आणले. एका टाकीत कपडे धुवायचे, दुसरीत पिळायचे. या दुसऱ्या टाकीलाच आपण ‘ड्रायर’ म्हणतो. ऐन पावसात हा ड्रायर तापतो, वास मारतो किंवा मुकाट्याने बंद पडतो. असे का होते आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, आपला ड्रायर कपडे तापवत नाही. अमेरिकेत राहणारी आपली मुले ज्या ड्रायरविषयी सांगतात, तो वेगळा. त्यात गरम हवा खेळते आणि कपडे कोरडे होऊन निघतात. तो तापतो तो बहुधा सुताचा बारीक पिंजर जाळीत आणि नळीत साचून हवेची वाट बंद झाल्याने. २००८ ते २०१० या वर्षांत तिकडे अशा यंत्रांमुळे घरांना दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सफाई न करणे हे त्यांतले सर्वांत मोठे कारण ठरले. आपल्या यंत्रात तापवणारी तारच नाही. तेव्हा ते गरम झाले, तर गरम झाली आहे ती खालची मोटर, हे पक्के समजा.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर सांगावे. पाण्याने भरलेली बादली हातात धरून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, ते बुडाला चिकटून राहते. ड्रायरच्या पिंपाला भोके आहेत, म्हणून तेच पाणी भोकांतून बाहेर जाते. पिंपाची त्रिज्या बारा सेंटिमीटर आणि मिनिटाला १,३०० फेरे असे धरून मुलांकडून हिशेब करवून घ्या. कडेच्या कपड्यावरची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ सव्वादोनशे पट निघते. म्हणजे एका बाजूला ओल्या कपड्याचे शंभर ग्रॅम वजन जास्त झाले, तर पिंप त्या बाजूला बावीस किलोच्या वजनाइतके ओढले जाते! यंत्र धडधडत न्हाणीभर का नाचते, ते यावरून कळेल. गोधडी किंवा घोंगडी या पिंपात घालूच नये. नऊवारी लुगडे कडेने गोल, सारखे बसवावे, वर ती प्लॅस्टिकची चकती नीट दाबावी आणि मगच झाकण लावावे.

आता बिघाडाकडे वळू. यंत्र बंद पडले की आधी कान द्या. आवाज अजिबात नाही, की ‘हूंऽऽ’ असा घुमल्यासारखा आवाज येतो आहे? सगळी मेख इथे आहे.

घुमण्याचा आवाज येतो आणि पिंप फिरत नाही, तर त्याच क्षणी बटण बंद करा. वीज मोटरीत जात आहे, पण मोटर अडली आहे. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि त्या विजेची नुसती उष्णता होते. पाहता पाहता गुंडाळी तापून वार्निशचा वास सुटतो. पिंपाला हाताने ढकलून चालना देण्याचा उद्योग कोणी करू नये. प्लग काढावा आणि अडण्याचे कारण शोधावे. पुष्कळदा ते कारण फार क्षुल्लक असते. हातरुमाल, पायमोजा, तान्ह्या मुलाचे टोपडे पिंपावरून उडून पिंप आणि बाहेरची टाकी यांच्या फटीत पडते आणि खाली दांड्याला गुंडाळले जाते. ते ओढून काढले की यंत्र चालू. तसे नसेल तर ब्रेक पाहावा लागतो. झाकण उघडले की ब्रेक पिंपाला धरतो आणि झाकण लावले की सोडतो. त्याची तार गंजली किंवा निसटली, तर झाकण लावूनही ब्रेक धरलेलाच राहतो. प्लग काढून, मागचा पत्रा उघडून, झाकण लावलेले असताना मोटरीवरची चकती हाताने फिरवली तर ती सहज फिरली पाहिजे. तीही फिरते आणि मोटर तरी घुमते, असे असेल तर बहुधा कपॅसिटर गेला. तो कारागिराकडून, त्यावर छापलेल्या आकड्याचाच बदलून घ्यावा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते, म्हणून त्याला आपण बोट लावू नये.

मोटर अडण्याचे आणखी एक कारण यंत्राच्या बाहेर असते. घरची वीज २३० व्होल्टची असावी. एकाच डीपीवरचे विहिरींचे पंप संध्याकाळी एकदम चालू झाले की दिवा पिवळा पडतो. दाब १६० व्होल्टवर आला, तर या मोटरीचा सुरुवातीचा जोर तीन-चतुर्थांश राहत नाही, तो निम्म्याहूनही कमी होतो. कारण तो दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिवा मिणमिणता असेल तेव्हा ड्रायर लावू नका, पहाटे लावा. यासाठी कारागिराला पैसे देण्याचे काही कारण नाही.

आता आवाजच नाही, तेव्हा काय? पाच-पाच मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या लागोपाठ झाल्या असतील, तर मोटर आतल्या थर्मल कळीने स्वतःला बंद करून घेते. ही मोटर थोडे चालून थोडे थांबण्यासाठीच बांधलेली असते. अर्धा-पाऊण तास थांबा. निवली की बहुतेक यंत्रे पुन्हा चालतात. पुन्हा पुन्हा तसेच होत असेल, तर ती कळ काढून तारा थेट जोडून देणारा कारागीर भेटला तरी त्याला नाही म्हणा. कळ गेली की गुंडाळी जळेपर्यंत अडवणारे कोणी उरत नाही. कधी दोष उंदराचा असतो. यंत्राचे बूड उघडे, शेजारी कांदा नाही तर धान्याची पोती, आणि आत उबदार जागा. तो तारा कुरतडतो. बुडाला जाळी ठोकणे हा उपाय स्वस्त आहे.

तुमच्यापैकी अनेकांकडे अजून जुना रेडिओ आहे. ड्रायर लावताच त्यात सतत खरखर येऊ लागली, तर कुठेतरी जोड सैल असून ठिणगी पडते आहे अशी शंका घ्यावी. आपल्या खोडदच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी ऐकतात. त्यांनाही विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव होतोच.

झाकणाखालच्या कळीविषयी मात्र थोडे कडक बोलतो. ती बिघडली की ‘काही नाही, थेट जोडून टाकू’ असे म्हटले जाते. मग झाकण उघडे असतानाही पिंप फिरते. मघाचा हिशेब पुढे करा. पिंपाची कड ताशी साठ किलोमीटरच्या जवळ पळते, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मोटारीइतकी. आत ओले लुगडे गरगरत असते, आणि पोराचा हात त्यात गेला तर ते हाताला पीळ घालते. आई-बहिणींनो, कळ नवी येईपर्यंत कपडे हातांनी पिळा. झाकण उघडल्यावर पिंप थोड्याच सेकंदांत थांबत नसेल, तरीही ब्रेक दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरू नका.

यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर तो दिवस यंत्राचा शेवटचा समजा, निदान दुरुस्तीपर्यंत. खालचे रबर फाटून पाणी मोटरीवर ठिबकत असेल, किंवा घराला अर्थिंगच नसेल. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांत बसवणे हे तर अगदीच वाईट. तीस मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी घराच्या मुख्य बटणापाशी बसवून घ्यावा.

ड्रायरमधून निघालेला कपडा दमट असतोच, तो कुठेतरी टांगावा लागतो. पत्र्याच्या पडवीला बांधलेली लोखंडी तार आणि तिच्यावरून घरात येणारी विजेची वायर, हे जुन्नर-आंबेगावात घरोघर दिसते. वायरचे आवरण घासून उघडे पडले, की ओला कपडा टाकणाऱ्या बाईच्या हातात थेट वीज येते. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला तर दोरीही बांधू नये. लोखंडी तार या आठवड्यात सोडवा आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी लावा, तीही वायरपासून दूर. पत्र्याला किंवा तारेला झटका लागतो असे दिसले, तर तिच्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका. मुख्य बटण बंद करा आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा.