घरातलं नाव, दारातलं नाव

माझी धाकटी लेक पनवेलमधल्या एका तांदळाच्या दुकानदारासाठी पावत्या काढण्याचा प्रोग्राम लिहीत होती. भाषा जावास्क्रिप्ट. सोमवारी सकाळी काम दाखवायचं, आणि रविवारी रात्री बारापर्यंत पडद्यावर एकच तक्रार: 'हिशेब' नावाचं इथे काही नाही. गंमत अशी की, त्याच पडद्यावर दोन ओळी वर यंत्र स्वतःच त्या वस्तूला 'हिशेब' म्हणत होतं! "अब्बा, याला नाव ठाऊक आहे, पण मी हाक मारली की ओळख देत नाही."

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत ही भाषा उभी केली, तेव्हा तिच्यात क्लास नव्हते. ते २०१५ साली आले. क्लास म्हणजे साचा; त्यातून हव्या तितक्या वस्तू काढाव्यात. हा साचा दोन तऱ्हांनी मांडता येतो. एक, सरळ नाव सांगून: हा क्लास 'हिशेब'. हे डिक्लरेशन, म्हणजे घोषणा. आजूबाजूचा कोड त्याला त्याच नावाने ओळखतो. मात्र घोषणेच्या ओळीआधी तो वापरायला गेलात तर चूक दाखवली जाते. फंक्शनच्या घोषणेला ही अट नाही.

दुसरी तऱ्हा एक्स्प्रेशनची. साचा करायचा आणि 'पावती' अशा एखाद्या डब्यात ठेवायचा. साचा बिननावाचा असला तर तो डब्याचंच नाव घेतो. पण त्याला 'हिशेब' असं स्वतःचं नाव दिलं, तर यंत्र ते दाखवतं खरं, हाक मात्र साच्याच्या आतूनच मारता येते. बाहेरच्यांनी 'पावती'च म्हणायचं. लेक नेमकी इथेच फसली होती.

साचा एखाद्या फंक्शनच्या हाती परस्पर द्यायचा असेल तर एक्स्प्रेशन सोयीचं. दुकानाच्या पावतीला माझ्या मते घोषणाच बरी.

मला मुशायऱ्यात तखल्लुसने पुकारतात. माझ्या अम्मीने ते नाव कधी उच्चारलं नाही. ती 'बाबू' म्हणायची. ते उंबऱ्याबाहेर कधी गेलं नाही, आणि ती गेल्यापासून आतही कुणी घेत नाही.

लेकीने बाहेरचे सगळे 'हिशेब' खोडून 'पावती' केले. पाऊण वाजता पहिली पावती निघाली: कोलम, पाच किलो. आतलं नाव तेवढं तिने तसंच ठेवलं. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, "असू दे अब्बा, आतल्या आत लागतं."