पहिल्यांच्या वर्गातील शेवटचा
(नव्या अध्यापकांपुढे केलेले भाषण)



नव्या अध्यापकांपुढे बोलावयाचे म्हणजे अध्यापनपद्धतीविषयी चार शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. आज मी तो मोडणार आहे. आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याचे मन पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या अवस्थेतून जाते, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

खरगपूरजवळील हिजलीच्या जुन्या बंदिवासात १९५१ साली आपल्या देशातील पहिली भारतीय तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. आज अशा २३ संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशाची वाट दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले धरतात. जागा मात्र सुमारे १८ हजार. येथे पोहोचणारा बहुतेक प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो. या साऱ्या पहिल्यांना आपण एका वर्गात बसवितो आणि पुन्हा त्यांची क्रमवारी लावतो. शंभरांपैकी पन्नास जण खालच्या अर्ध्यात जाणार, हे साधे गणित होय. परंतु अठरा वर्षांच्या मुलाला ते गणित वाटत नाही. तो आपल्या योग्यतेचा निवाडा वाटतो.

हर्बर्ट मार्श व जॉन पार्कर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली शाळकरी मुलांच्या अभ्यासातून हीच गोष्ट दाखविली होती. बुद्धी तेवढीच असली, तरी अधिक हुशार मुलांच्या सहवासात स्वतःच्या कुवतीविषयीचे मत खालावते. लहान तळ्यातील मोठा मासा मोठ्या तळ्यात आला, की स्वतःला क्षुद्र समजू लागतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थी पहिल्या चाचणीनंतर येईनासा झाला. नियमानुसार मी त्याला अनुपस्थितीच्या दोन सूचना पाठविल्या. तिसरी त्याच्या वडिलांना पाठविली. माझे कर्तव्य संपले, असे मी मानले. पुढे एके दिवशी मेसमधील वाढप्याने मला थांबवून सांगितले, ‘‘साहेब, तो मुलगा सगळे उठून गेल्यावर जेवायला येतो. आता तर दोन दिवस आलाच नाही.’’ आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. जगण्यात अर्थ नाही, या विचारापर्यंत तो पोहोचला होता. घरी का गेला नाहीस, असे विचारता तो म्हणाला, ‘‘गावाच्या वेशीवर माझ्या अभिनंदनाचा फलक लावला आहे, सर. त्याच्याखालून कसा जाऊ?’’ उपचार झाले, तो सावरला. परंतु वाढप्याला जे दिसले, ते मला का दिसले नाही, हा प्रश्न मला अजून सोडीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. ही संख्या केवळ आपल्यासारख्या संस्थांची नव्हे आणि प्रत्येक वेळी कारण अभ्यास हेच होते, असेही नव्हे. आर्थिक ओढाताण, जातीवरून होणारी अवहेलना, परकी भाषा, आजार अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी कृतिदल नेमले, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानी यावे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने १९६८ साली पहिल्या वर्षासाठी श्रेणींऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी पद्धत आणली. पुढे ती पहिल्या सत्रापुरती राहिली. असा निर्णय एकट्या अध्यापकाच्या अधिकारातील नव्हे. तथापि तीन गोष्टी निश्चितच आपल्या हाती आहेत. पहिल्याच तासाला ते अर्ध्याचे गणित विद्यार्थ्यांना उघडपणे सांगावे. अनुपस्थितीच्या सूचनेवर सही करण्यापूर्वी एकदा त्या मुलाची समक्ष चौकशी करावी. आणि आपण वैद्य नव्हे, हे ओळखून त्याला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जावे. टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक फळ्यावर लिहिण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

गावच्या वेशीवरील फलक आपण उतरवू शकत नाही. परंतु त्या फलकावरील नावापेक्षा तो मुलगा मोठा आहे, हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे. ते काम वाढप्यावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.