पक्षी की पळी?

हेडफोन लावलेत ना? आज एका कोर्टकेसची गोष्ट सांगतो. आरोपी कोण, तर एक पक्षी.

साल १९२६. पॅरिसहून निघालेली काही खोकी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरतात. आत शिल्पं आहेत कॉन्स्टन्टिन ब्रांकुशीची. कस्टम्सवाले बघतात तर काय, ब्राँझची एक चकचकीत, उंच, निमुळती वस्तू. डोकं नाही, पंख नाहीत, पिसं नाहीत. नाव मात्र ‘बर्ड इन स्पेस’!

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कलाकृतीला ड्युटी माफ होती. पण कस्टम्सवाले म्हणाले, हा कसला पक्षी? आणि त्यांनी तो कुठल्या यादीत टाकला माहितीये? स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं सामान! म्हणजे पळी, झारा यांच्या रांगेत. ड्युटी ४० टक्के.

ब्रांकुशी कोर्टात गेला. साक्षीला शिल्पकार जेकब एपस्टाइन आला. सरकारी वकिलाचा प्रश्न साधा होता: एखादा चांगला मेकॅनिकसुद्धा धातू असा घासून चमकवू शकेल ना? एपस्टाइन म्हणाला, चमकवू शकेल, पण ही वस्तू त्याला सुचणार नाही.

हे उत्तर जरा लक्षात ठेवा.

१९२८ मध्ये ब्रांकुशी जिंकला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू हुबेहूब पक्ष्यासारखी दिसत नसेल, पण सुंदर आहे, आणि तिचा व्यवहारात काही उपयोग नाही. म्हणून ती कला.

गंमत बघा. पक्षी सुटला, पण पळी अडकली! म्हणजे वस्तू कामाची असली की ती कला नाही, असंच ठरलं ना?

आता एपस्टाइनचं उत्तर आठवा. घासणारे हात कोणाचे, यापेक्षा कल्पना कोणाला सुचली हे महत्त्वाचं. मग इंडस्ट्रियल डिझायनर दुसरं काय करतो? तो स्वतः कारखान्यात मशिनवर उभा राहत नाही. कुकरचं हँडल हातात कसं बसेल, खुर्चीत पाठ कुठे टेकेल, हे त्याला सुचावं लागतं. कोर्टात कलाकाराला वाचवणारा मुद्दा डिझायनरलाही तितकाच लागू होतो.

आणि हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. १९३४ मध्ये त्याच न्यूयॉर्कमध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘मशिन आर्ट’ नावाचं प्रदर्शन भरवलं. तिथे काय मांडलं होतं? स्प्रिंगा, बॉल बेअरिंग, बोटीचा पंखा आणि हो, स्वयंपाकघरातली भांडी! आठ वर्षांपूर्वी पक्ष्याला भांडं म्हणून हिणवलं, आता भांडीच म्युझियममध्ये.

या गोष्टीचं एक टोक आपल्याकडेही आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी ब्रांकुशीकडून असेच तीन पक्षी घेतले. एक ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी मंदिर बांधायचं ठरलं, ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर काही झालं नाही. याच महाराजांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टने केला होता. तिथे स्टीलच्या नळ्यांचं, अगदी नव्या डिझाइनचं फर्निचर होतं. पक्षी हवा आणि खुर्चीही हवी, या माणसाला दोन्हींत भांडण दिसलंच नाही.

पुढे त्याच माणिकबागेत एक सरकारी ऑफिस आलं. कुठलं? कस्टम्स आणि सेंट्रल एक्साइजचं! योगायोग म्हणतात तो हाच.

हे सगळं का सांगतोय? बारावीनंतर बऱ्याच घरांत वाद होतो. चित्रं काढून पोट भरणार का? आणि डिझाइनला गेलं की आर्टवाले मित्र म्हणतात, विकला गेलास. दोन्हीकडे समज एकच, की उपयोग आला की कला गेली.

फरक आहेच. शिल्पकार स्वतःला पटेपर्यंत घासत बसू शकतो. डिझायनरला मात्र अनोळखी माणसाच्या हाताचा, पाठीचा, खिशाचा विचार करावा लागतो. ते काम वेगळं आहे. हलकं नाही.

आज घरी गेलात की ओट्यावरची पळी एकदा हातात घेऊन बघा. तिचा बाक कोणाला तरी सुचला होता.