पडीक नव्हे, माळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



बँकेत मी बरीच वर्षं शेतीकर्जाचं काम पाहिलं. जिंतूरकडचे शेतकरी जमीन दाखवायला घेऊन जायचे. गुडघाभर कुसळी गवत, चार बोरी-बाभळी. मी तपासणी अहवालात लिहायचो, 'पडीक'. मग सपाटीकरणाचं, विहिरीचं कर्ज मंजूर व्हायचं. त्यात शेतकऱ्याचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण तो शब्द चुकला, हे निवृत्तीनंतर कळलं.

सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य पाहायला गेलो होतो. १९७९ साली ते जाहीर झालं. मला वाटलं, घनदाट जंगल असेल. पाहतो तर काय, आपल्याकडच्यासारखाच माळ! काळवीट दिसले, चंडोल दिसले, माळढोक काही दिसला नाही. हा एवढा मोठा पक्षी बहुधा एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. तिथं दाट झाडं लावली तरी त्याचं घर मोडतं.

त्या अभयारण्याचं क्षेत्र कागदोपत्री सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावं, शेतं सगळी त्यात. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणलं. पक्षी मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले. कागदावरचा आकडा म्हणजे हातातली शिल्लक नव्हे, हे बँकवाल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात हरणं ज्वारी-हरभऱ्यात शिरतात. शेतकरी चिडतो, नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघतो. त्याचा राग रास्त आहे. पण माळच मोडले, तर हरणांनी जावं कुठं? त्यातल्या काही कागदांवर माझी सही आहे.

आता घरचं बोलतो. आपल्या मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचं चाललंय. गाड्यांना जागा हवी, मान्य. पण भिंतीकडच्या कोपऱ्यात दर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते, तीही माळढोकासारखी उघड्यावरच. तेवढा कोपरा सोडा. गवत दिवाळीनंतर कापू, मी स्वतः उभा राहीन.

फक्त ठरावात त्या जागेला 'पडीक' लिहू नका. ती चूक मी पुष्कळदा केली आहे.