नवी बालपुस्तके आणि शाळेचे कपाट
(नाशिक येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या सभागृहात येण्यापूर्वी आपल्यापैकी काहींनी टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात जाऊन तेथे नव्याने दाखल झालेली पुस्तके पाहिली असतील. नव्या पुस्तकाचा एक वास असतो. शाई, खळ आणि कोरा कागद यांचा तो वास घेण्यासाठी मुले पुस्तक उघडून प्रथम नाकाशी नेतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ग्रंथपाल मात्र प्रथम दाखल नोंदवही उघडतात. क्रमांक, दिनांक, ग्रंथनाम, ग्रंथकार, पृष्ठे, किंमत एवढे लिहून झाले, शिक्का उमटला, की पुस्तक वाचनालयाचे झाले. ही कार्यालयीन दृष्टी झाली आणि ती आवश्यकच आहे. परंतु पुस्तक वाचनालयाचे झाले म्हणजे ते मुलांचे झाले काय, हा प्रश्न उरतोच. आज मला त्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

ज्या संस्थेच्या पुस्तकांविषयी मी बोलतो आहे, ती 1840 साली स्थापन झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा आपल्या निफाड येथे 1842 साली जन्म झाला, त्यापूर्वी दोन वर्षे नाशकात वाचनालय उभे होते, एवढे सांगितले म्हणजे तिच्या वयाची कल्पना येईल. शहराला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आपला जिल्हा म्हणजे केवळ शहर नव्हे. तो पंधरा तालुक्यांचा आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरील किंवा नांदगावच्या माळावरील मुलाला नाशिकच्या बालविभागाची पायरी चढण्याचा योग कदाचित कधीच येणार नाही. त्याच्या दृष्टीने वाचनालय म्हणजे त्याच्या शाळेतील एक कपाट आणि ग्रंथपाल म्हणजे आपण. म्हणून नव्या बालपुस्तकांची खरी कथा शहरातील फडताळावर संपत नाही; ती आपल्या कपाटाशी येऊन थांबते किंवा तेथून पुढे चालू लागते.

मराठी मुलांच्या पुस्तकांशी या भूमीचा संबंध तसा जवळचा आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली लिहिले, ते नाशिकच्या कारागृहात. तुरुंगाच्या भिंतीआड लिहिलेले ते पुस्तक भिंती ओलांडून घराघरांत गेले. तात्यासाहेब शिरवाडकर नाटके आणि काव्ये यांसाठी आपणास परिचित आहेत. परंतु 1936 साली ‘जाईचा कुंज’ हे मुलांसाठी कवितांचे पुस्तकही त्यांनी दिले, हे विसरता कामा नये. थोर लेखकांनी मुलांसाठी लिहिणे हे कमीपणाचे मानले नाही. मग ती पुस्तके मुलांच्या हाती देणे हे आपण दुय्यम काम का मानावे?

आता नवी पुस्तके निवडावयाची कशी, याविषयी थोडे सांगतो. आज पुस्तकांचा तुटवडा पूर्वीसारखा नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालयातील सचित्र पुस्तके मराठीत उपलब्ध आहेत. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने स्वतः चित्रे काढून लहान मुलांच्या घरातले, शेजारातले जग पुस्तकात आणले आहे. अडचण निवडीची आहे. पुष्कळदा आपण बोध स्वच्छ दिसतो असे पुस्तक घेतो आणि मूल ते चार पानांनंतर खाली ठेवते. माझा अनुभव असा, की पहिली-दुसरीच्या मुलांना पानावर मोठे चित्र आणि त्याखाली एक-दोन ओळी असल्या म्हणजे पुरे होते. तिसरी-चौथीला एका बैठकीत संपणारी गोष्ट हवी असते. पाचवीनंतर मात्र मुले लांबलचक साहसकथेत बुडून जाऊ शकतात. पुस्तक घेण्यापूर्वी त्याची दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. आपली जीभ जेथे अडखळते, तेथे मुलाचे मन अडखळल्यावाचून राहणार नाही.

पण निवड उत्तम झाली तरी काम अर्धेच झाले. पुढची अडचण पुस्तकांत नसून आपल्या मनात आहे. ती सांगण्यासाठी मला स्वतःचीच एक गोष्ट सांगावी लागेल आणि ती माझ्या मोठेपणाची नाही.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी डोंगराळ भागातील एका दोनशिक्षकी शाळेत होतो. शाळेला गोष्टींची काही नवी पुस्तके मिळाली. उत्साहाच्या भरात मी ती मुलांना घरी नेऊ देऊ लागलो. चौथीतील एक मुलगी वाचनात विशेष गोडी घेई. दिवाळीनंतर तिचे आईवडील नेहमीप्रमाणे द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे गेले आणि तिला बरोबर घेऊन गेले. तिच्या पिशवीत शाळेचे एक पुस्तक होते. मार्चमध्ये संग्रहाची पडताळणी झाली. एक पुस्तक कमी भरले. मला खुलासा द्यावा लागला, त्याची किंमत भरावी लागली आणि चारचौघांत दोन शब्द ऐकावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. शब्द क्षुल्लक नव्हते. मी त्याच दिवशी कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. उरलेली सर्व पुस्तके जागच्या जागी राहिली. नोंदवही आणि कपाट यांचा मेळ तंतोतंत बसू लागला.

गुढीपाडव्यानंतर मुलगी परत आली. तिने पुस्तक आणले होते. वेष्टन गेलेले, पाने गोणीच्या दोऱ्याने शिवलेली, कडा काळवंडलेल्या. बागेतल्या खोपटांमधून राहणाऱ्या मुलांना तिने ते संध्याकाळी वाचून दाखविले होते. एकदा नव्हे, कित्येकदा. पुस्तक माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “गुरुजी, शेवटचं पान गेलं, पण गोष्ट पाठ हाये. सांगू?” तिने गोष्ट सांगितली. शेवट मूळ पुस्तकातल्यापेक्षा थोडा निराळा झाला होता आणि तो काही वाईट नव्हता. मग तिने कपाटाकडे पाहून विचारले, “आता दुसरं घेऊ?” कपाटाला कुलूप होते. मी म्हणालो, “परीक्षा झाल्यावर पाहू.” परीक्षा झाली, सुटी लागली. जूनमध्ये तिचे नाव पटावर होते. ती मात्र आली नाही. पुढे तिचे काय झाले, ते मला कळले नाही. ते एक पुस्तक हरवले असे मी वरिष्ठांना लिहून दिले होते. वस्तुतः त्या वर्षी वाचले गेलेले तेवढे एकच पुस्तक होते.

बंधुभगिनींनो, शाळेचे कपाट, खुर्ची, घंटा यांची नोंद आपण जडसंग्रह नोंदवहीत करतो. पुस्तकांची नोंदवही वेगळी असते. पण भीतीपोटी आपण मनातल्या मनात पुस्तकांनाही जडसंग्रहात टाकतो. खुर्ची जशीच्या तशी राहिली तर ती नीट वापरली असे म्हणता येते. पुस्तक दहा वर्षे जसेच्या तसे राहिले, तर ते कोणीही वाचले नाही एवढेच सिद्ध होते. मध्ययुगात युरोपातील ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवीत. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, तेव्हा पहिले स्थान त्यांनी पुस्तकाच्या जतनाला दिले नाही, उपयोगाला दिले. साखळी युरोपात केव्हाच गळून पडली. आपले कुलूप मात्र अद्याप शाबूत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. कपाटात बंद असलेल्या पुस्तकांनी या अपेक्षेचे शब्द पाळले जातील, अर्थ पाळला जाणार नाही.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील एका मुलाचे उदाहरण मार्ग दाखविणारे आहे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात 1863 साली गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. 1875 साली बडोद्याच्या गादीवर तो दत्तक गेला, तेव्हा वयाची बारा वर्षे झाली असूनही त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. हेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड झाले. 1906 साली त्यांनी आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आणि शिकलेल्या माणसाला पुढे वाचावयास काही नसेल तर तो शिकलेले विसरेल, हे जाणून 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवीत आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोशीत असे. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर भेटले नव्हते, त्या मुलानेच पुस्तकाला पाय दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजनाही पेटीच्याच तत्त्वावर चालते आणि तिच्या पेट्या परदेशातील मराठी माणसांपर्यंत गेल्या आहेत. जी पेटी समुद्र ओलांडते, तिला एका केंद्रातील दहा शाळांमध्ये फिरणे अवघड नाही.

यावरून काही साध्या गोष्टी सुचवितो. त्यांना पैसा लागत नाही, थोडे मन लागते.

पहिली गोष्ट, नवी पुस्तके आली की ती नोंदवून आठ दिवसांच्या आत मुलांच्या हाती पडावीत. वर्गात दोरी बांधून तीवर पुस्तके उघडी टांगली तरी चालेल. वेष्टन दिसले म्हणजे हात आपोआप पुढे होतो.

दुसरी गोष्ट, देवघेवीची वही मुलांकडे सोपवावी. चौथी-पाचवीतील दोन मुले दर महिन्यास बालग्रंथपाल नेमावीत. स्वतः लिहिलेल्या नोंदीची जबाबदारी मुले आपल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात.

तिसरी गोष्ट, डागडुजीची. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांत पावसाळ्यात पुस्तकांना ओल लागते आणि बुरशी धरते. उघडीप मिळताच पुस्तके सावलीत वाऱ्यावर पसरावीत. कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा कपाटात ठेवावा. फाटलेले पान पातळ कागद आणि खळ लावून कसे जोडावे, हे मुलांना कार्यानुभवाच्या तासाला शिकवावे.

चौथी गोष्ट, स्थलांतर करणाऱ्या मुलांची. जाताना त्यांच्या पिशवीत आपण होऊन एक पुस्तक घालावे आणि वहीत ‘बरोबर दिले’ अशी नोंद करावी. ते परत आले तर उत्तम. न आले तर ते कोणीतरी वाचीत असेल, असे धरून चालावे.

पाचवी गोष्ट वरिष्ठांसाठी आहे आणि ती मी नम्रपणे सांगतो. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांचे निर्लेखन वेळच्या वेळी व्हावे. तपासणीच्या वेळी ‘किती पुस्तके आहेत?’ याआधी ‘किती पुस्तके बाहेर आहेत?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने शेकडो कुलुपे उघडतील.

अखेरीस घरच्या बोलीचा प्रश्न येतो. बागलाणात मूल अहिराणी बोलते, सुरगाण्यात कोकणी, मालेगावात उर्दू. छापील पुस्तकाची मराठी त्यांना प्रथम परकी वाटते. त्यांच्या बोलीतली पुस्तके आपणास हवी तेवढी विकत मिळणार नाहीत. मग ती आपणच करावीत. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. आपणही आजीने सांगितलेली गोष्ट मुलांकडून त्यांच्या बोलीत लिहवून घ्यावी, चित्रे काढून घ्यावीत, पाने दोऱ्याने शिवावीत आणि त्या पुस्तकाला नोंदवहीत रीतसर क्रमांक द्यावा. नव्या बालपुस्तकांत अशी चार पुस्तके दर वर्षी पडली, तर ती भर किमतीने मोठी नसेल, मोलाने असेल.

गोणीच्या दोऱ्याने शिवलेले ते पुस्तक मी किंमत भरून माझे केले आहे. ते अद्याप माझ्यापाशी आहे. त्याला शेवटचे पान नाही. माझ्या शाळेत त्या वर्षी दाखल झालेल्या पुस्तकांपैकी इतरांची नावेही आज मला आठवत नाहीत. आपल्या कपाटात सध्या जी नवी पुस्तके आहेत, त्यांची नावे आपल्याला नव्हे, मुलांना आठवावीत, एवढीच इच्छा व्यक्त करतो. उद्या शाळेत गेल्यावर घंटा होण्यापूर्वी कपाट उघडावे आणि ते दिवसभर उघडे राहू द्यावे, अशी आपणा सर्वांना विनंती करून मी माझे भाषण संपवितो.